बारशाची पंगत आणि संक्रांतीचं वाण

मार्च महिना लागला की आमच्या अमरावतीत सभागृहं मिळेनाशी होतात. महिला दिनाचे कार्यक्रम! फेटे बांधलेल्या बायका, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्हं, आणि व्यासपीठामागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'महिला नेतृत्व'. मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे दोन-चार ठिकाणी मलाही बोलावणं असतं. बोलून झालं की मी समोरच्या बायकांना एक प्रश्न विचारते, "तुमच्यापैकी नेतृत्व कोण कोण करतं? हात वर करा बरं." एकही हात वर होत नाही. मागच्या रांगेतून हमखास उत्तर येतं, "आमी काय नेते हावो का ताई? आमी तं घरच्या बाया."

मैत्रिणींनो, या उत्तरात नम्रता थोडी आणि गैरसमज जास्त आहे, असं माझं मत आहे. नेता म्हणजे पांढरे कपडे, मागे पंचवीस माणसं आणि हातात माईक, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. त्यात आपलं वऱ्हाड म्हणजे राजकारणाचं भारी वेड असलेला मुलूख. पण एखादी रीत घरात पहिल्यांदा कोणी बदलली, त्यापायी बोलणी कोणी खाल्ली आणि बोलणी खाऊनही घरातल्यांशी भांडण न मांडता कोण टिकून राहिलं, हे मी बघते. तिथे मला नेता दिसतो. हे मी कुठल्या शिबिरात शिकले नाही. आपल्याच मातीतली एक गोष्ट आहे, तिच्यावरून शिकले.

गाडगेबाबांचं नाव घेतलं की खराटा आठवतो. अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे, 2000 साली सुरू झालेलं ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाचं होतं, समाधी आमच्या गाडगेनगरात आहे. पण मला आठवते ती खराट्याच्या आधीची एक पंगत. बाबांचा जन्म 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन भावाकडे आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे जन्म अमरावती जिल्ह्यातला आणि वाढ अकोला जिल्ह्यातली, माझं माहेर-सासर जुळावं तसं! तिथे डेबूजी मामाच्या शेतात राबला, 1892 मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं आणि पुढे घरात मुलगी झाली. आता बारसं म्हटलं की त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जातभाईंना मटणाचं आणि दारूचं जेवण द्यायचं. नाही दिलं तर नाव कापलं जायचं. डेबूजीनं त्या दिवशी पंगतीत गोडाधोडाचं जेवण वाढलं. दारू नाही, मटण नाही.

तेव्हा तो कोणाचाही बाबा नव्हता, हे लक्षात घ्या. कीर्तन नव्हतं, गर्दी नव्हती. परटाच्या घरचा, दुसऱ्याच्या गावात मामाच्या आश्रयानं राहणारा तरुण गडी. पाहुणे कुरकुरले असतील, बायकांनी आतल्या आत तोंडं वाकडी केली असतील. चुलीपाशी काय बोलणी झाली असतील, याचा अंदाज तुम्ही-मी सहज करू शकतो, कारण लग्ना-बारशाच्या जेवणावरून होणारी कुजबुज काय चीज असते ते आपल्याशिवाय कोणाला ठाऊक! दारूनं बाप खाल्ला आणि त्याच दारूनं लेकीचं नाव ठेवायचं, हे त्याला पटलं नाही. एवढंच. पुढं गावोगाव कीर्तनातून ते दारू सोडा म्हणून सांगत फिरले आणि लोकांनी ऐकलं, ते काही आवाज मोठा होता म्हणून नाही. आपल्या अंगणातली पंगत त्यांनी आधी बदलली होती.

इथे मला एक मध्येच सांगावंसं वाटतं. 1905 मध्ये बाबांनी घर सोडलं. मागे कुंताबाई, लहान लेकरं आणि म्हातारी आई. नंतर बाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण त्यांतलं सुख घरच्यांना घेऊ दिलं नाही, हे आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. सांगावंही. पण कुंताबाईंचं नाव किती जणींना माहीत आहे? बाबा बाहेर पडू शकले, कारण मागं घर धरून बसणारं कोणीतरी होतं. आपल्यातल्या बहुतेक जणी कुंताबाईच्या जागेवर आहोत. त्या जागेवरूनही काही बदलता येतं की नाही, हा माझा खरा प्रश्न आहे.

येतं, असं माझं मत झालंय ते संक्रांतीच्या हळदी-कुंकवामुळे.

आपल्या या भागात नवरा गेलेल्या तरुण बायका किती आहेत, ते वेगळं सांगायला नको. 2006 मध्ये केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांसाठी म्हणून खास पॅकेज दिलं, त्यात विदर्भातले सहा जिल्हे होते. अमरावती आणि अकोला दोन्ही त्यात. पंचविशी-तिशीतली बाई, पदरात दोन लेकरं, सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज अंगावर. नवऱ्याचं मरण शासकीय मदतीसाठी 'पात्र' की 'अपात्र', हे कचेरीत ठरायचं. आणि ती स्वतः पात्र की अपात्र, हे कुठे ठरायचं? आपल्या बैठकीत. आपण ठरवतो. संक्रांतीच्या वाणाला गल्लीत सगळीकडे बोलावणं जातं आणि बरोबर तिच्या दारावरून पुढे जातं. कोणी तिला वाईट बोलत नाही हो. फक्त बोलावत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात होऊ द्यायचं नाही, असा. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरात फोटो आले, आपण वाचलं, 'छान झालं' म्हणालो. पण परिपत्रक आपल्या देवघरापर्यंत येत नाही. तिथे कोणीतरी घरातलंच लागतं.

आमच्या घरी मी पुढच्या संक्रांतीला सासूबाईंना म्हटलं, "आई, यंदा आपल्या गटातल्या सगळ्यांना बोलवायचं. सगळ्यांना." त्यांना बरोबर कळलं. भाकरी थापता थापता हात थांबला. म्हणाल्या, "लोकं काय म्हणतीन?" मग थोड्या वेळानं, "आन तिले सोतालेच अवघडल्यावानी झालं तं?" हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खूप चांगला होता. मी आजवर ऐकलेल्या भाषणांमध्ये तो कोणी विचारला नव्हता. सासूबाई सातवी शिकलेल्या, पण माणूस ओळखण्यात माझ्या बी. ए. च्या वरताण. त्या प्रश्नामुळे आम्ही थेट आमंत्रण धाडलं नाही. मी तिच्याकडे आधी दोनदा जाऊन बसले. एकदा नुसता चहा घेतला, एकदा विचारलं. ती म्हणाली, "ताई, येतो मी. पण हळद-कुंकू नका लावू एकदम, मले रडू येईन. तिळगूळ द्या." मग आम्ही त्या वर्षी कोणालाच हळद-कुंकू न लावता तिळगूळ आणि वाण दिलं. दोन घरच्या बाया आल्या नाहीत. एकीनं वाण घेतलं आणि बाहेर जाऊन दुसरीच्या हवाली केलं, हेही मला कळलं. सासूबाई मात्र दारात उभ्या राहून एकेकीला "या वो, या" करत होत्या. त्यांचं वय आणि मान त्या दिवशी कामाला आला. मी एकटी असते तर तो कार्यक्रम म्हणजे 'सुनेचं खूळ' ठरला असता.

प्रेमानं पुढे जाणं म्हणतात ते मला इथे समजलं. रीत मोडायची आणि माणूस मोडायचं नाही. सासूबाईही नाही, आणि जिच्यासाठी करतो ती तर नाहीच नाही. पुष्कळदा आपण समाजसेवेच्या भरात तिला फोटोसाठी मधोमध उभं करतो आणि तिला वाटतं, याच्यापेक्षा घरीच बरी होते.

आता कामाच्या ठिकाणचं बोलू. माझं कामाचं ठिकाण म्हणजे बचत गट. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि चोख नोंदी, ही पंचसूत्री तुम्हा बहुतेकींना पाठ असेल. ती पाळली की गट चालतो. पण मी एक गोष्ट अनेक गटांमध्ये पाहिली. अध्यक्षबाई फार प्रेमळ असतात. सगळ्यांच्या सह्या तीच गोळा करते, बँकेत तीच जाते, रजिस्टर तीच लिहिते, कोणाचा हप्ता चुकला तर आपल्या पदरचे भरते. बाकीच्या नऊ जणी म्हणतात, "आमची ताई आहे नं!" आणि ताईच्या मुलीचं लग्न निघालं, ताई दोन महिने बैठकीला आली नाही, की गट बंद. पापड-कुरडया, सरगुंडे, मूगवड्यांच्या ऑर्डरी हातातून जातात. या मायेला मी नेतृत्व म्हणणार नाही. दहा बायकांना लाडानं पांगळं करून ठेवण्याचा तो प्रकार आहे. घरातही हेच. मुलाला स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा घेऊ न देणारी आई पुढे सुनेच्या नावानं रडते.

एका बँकेतला किस्सा सांगते, नाव नको. गटाच्या कर्जाचे कागद घेऊन आम्ही तिघी गेलो. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "मिस्टर कुणाचे आले आहेत?" गटाच्या कर्जाला मिस्टर कशाला, असं मी विचारणारच होते. पण आमची सचिव, नववी नापास, माझ्या आधी बोलली. "सायेब, ठराव पुस्तकात दहा बायांच्या सह्या हायेत. त्याच्यात मिस्टर कुठंच नाई." आणि तिनं ते पान उघडून समोर ठेवलं. साहेब हसले, पण कागद घेतले. ती हे बोलू शकली, कारण दर दोन वर्षांनी पदं बदलायची हा नियम आमच्या गटानं पहिल्यापासून पाळला आणि तो ठराव तिनं स्वतः लिहिला होता. मी बोलले असते तर काम तेवढंच झालं असतं. ती बोलली म्हणून पुढच्या खेपेला मी गेलेच नाही.

माया आणि पांगळेपण यांतला फरक बघायचा असेल तर परतवाड्याजवळ वझ्झरला जावं. शंकरबाबा पापळकरांचं बालगृह. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, कचऱ्यात टाकून दिलेली, अंध, मूकबधिर, मतिमंद अशी 123 मुलं त्यांनी आपली म्हणून वाढवली. बापाच्या जागी आपलं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यातलं आवडतं ते हे, की बाबांनी मुलांना नुसतं पोटाशी धरून ठेवलं नाही. ज्यांना जमेल त्यांना शिकवलं, कामाला लावलं, मुलींची लग्नं लावून दिली. त्यांच्याच एका दृष्टिहीन लेकीनं 2024 मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा पास केली. आणि ज्यांना कधीच स्वतःच्या पायावर उभं राहता येणार नाही, त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहाबाहेर काढू नये, असा कायदा करा म्हणून ते सरकारशी वर्षानुवर्षं भांडत आले. कोणाला सोडायचं आणि कोणाला मरेपर्यंत धरायचं, हे बापालाच कळतं.

आणि आता बैरागड. आपल्या अमरावती जिल्ह्यात राहून डॉ. स्मिता कोल्हे यांचं नाव न ऐकलेली बाई विरळा. 2019 मध्ये त्यांना आणि डॉ. रवींद्र कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट सांगताना सगळे जण डॉक्टरांच्या चार अटींवर येऊन थांबतात. लग्न करणारीनं चाळीस किलोमीटर चालायची तयारी ठेवावी, लग्न पाच रुपयांत कोर्टात, महिना चारशे रुपयांत भागवायचं, आणि वेळ पडली तर दुसऱ्यासाठी भीक मागायची. अटी ऐकून टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या आवडत नाहीत. कारण ऐकणाऱ्याला वाटतं, बाईनं अटी मान्य केल्या हेच तिचं मोठेपण. अहो, अटी मान्य करणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत! स्मिताताई नागपूरला होमिओपॅथीचा चालता दवाखाना सोडून गेल्या, तोही कोणी पाठवलं म्हणून नव्हे. त्या स्वतः ठरवून गेल्या. आणि खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

मेळघाटातलं धारणी तालुक्यातलं बैरागड म्हणजे तेव्हा हरिसालपासून चालत जायचं गाव. डॉक्टरसाहेब पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या वेळचा एक रुपया घेत. चारशेचा हिशेब त्यातूनच आला. बाहेरून आलेल्या डॉक्टरीणबाईवर कोरकू बायकांचा लगेच विश्वास बसायचं काही कारण नव्हतं. शहरातली माणसं येतात आणि जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग स्मिताताईंचं पहिलं बाळंतपण आलं. त्यांनी ते गावातच करायचं ठरवलं. बाळाला न्यूमोनिया झाला, मेंदूज्वर झाला, रक्तात विष पसरलं. लोक म्हणू लागले, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी निर्णय स्मिताताईंवर सोडला. आणि त्या माऊलीनं ठरवलं, गावातल्या पोरांना जो इलाज मिळतो तोच माझ्या पोराला. पोर वाचलं. गावानं तेव्हा त्यांना आपलं मानलं.

खरं सांगते, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पेपर बाजूला ठेवून उठले. मला ते जमलं नसतं, आणि कोणाही बाईनं असं करावं असं मी म्हणणार नाही. आजारी लेकराला घेऊन अकोल्याची वाट धरणारी आई कुठंच कमी पडत नाही. पण त्या निर्णयात एक गोष्ट होती, जी मला टाळता येत नाही. 'हे तुमच्यासाठी पुरेसं आहे' असं म्हणणाऱ्यानं ते आपल्यासाठी पुरेसं मानलं पाहिजे. अंगणवाडीचा खाऊ चांगला आहे म्हणणाऱ्या बाईंनी तो आपल्या नातवाच्या ताटात एकदा वाढून बघावा. गावच्या शाळेचं कौतुक भाषणात करणाऱ्यांची मुलं कुठे शिकतात, ते विचारावं. मोठी उडी नको, एवढं तर आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट मला याहून जवळची वाटते. राज्याचे बांधकाम खात्याचे मंत्री त्यांच्या झोपडीवजा घरी गेले होते. घर पाहून हलले आणि म्हणाले, तुम्हाला चांगलं घर बांधून देतो. स्मिताताई म्हणाल्या, घर नको, रस्ता द्या. मैत्रिणींनो, क्षणभर स्वतःला तिथे ठेवा. गळकं घर, लेकरं, चूल, आणि समोर मंत्री विचारतोय काय पाहिजे. घर हा शब्द ओठांवर आला असता तर कोणी नावं ठेवली नसती. ती मागणी घरातल्या बाईची होती आणि गावची होती, दोन्ही. कारण बाळंतीण अडली तर तिला न्यायला रस्ताच लागतो. पुढे त्या भागात रस्ते झाले. या दोघांनी शेतीही केली, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून त्यासाठी ज्ञान घेतलं, आणि त्यांचा एक मुलगा शेतीच करतो. तोच, जो तेव्हा वाचला.

आपल्यासमोर मंत्री येत नाही. पण गावात ग्रामसेवक येतो, वॉर्डात नगरसेवक येतो, आणि विचारतो, "ताई, तुमचं काही काम?" तेव्हा आपण काय मागतो? बहुतेक वेळा पोराच्या नोकरीचं बघा म्हणतो.

महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी ठेवल्या, त्याला 2011 पासून आता बरीच वर्षं झाली. तरी 'सरपंचपती' हा शब्द मराठीत चांगला रुळून बसला आहे. नवरा खुर्चीवर आणि बाई सहीला. मी त्या बायकांना दोष देत नाही. ज्या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा विचारून ठरतं, त्या घरातल्या बाईला एका निवडणुकीनं एकदम गावाचं ठरवता यायला लागेल, ही अपेक्षाच चुकीची. घरात तिचं 'नाही' एकदा तरी ऐकलं गेलेलं असावं लागतं.

दारूबंदीच्या मतदानात हे फार उघडं दिसतं. आडवी बाटली-उभी बाटली तुम्हाला माहीत असेल. दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीवर शिक्का. पण 2008 च्या आदेशात मेख अशी होती की, आलेल्या मतांत जिंकून भागत नसे. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरीच राहिली, तिचं मत न देताच उभ्या बाटलीच्या पारड्यात! माझ्या ओळखीच्या एका गावात यासाठी तयारी चालली तेव्हा भाषणं देणाऱ्या पुष्कळ होत्या. पण एक म्हातारी म्हणाली, "मी भाषण नाई देत. मी पोरं सांभायतो." मतदानाच्या दिवशी तिनं देवळाच्या ओट्यावर अठरा-वीस लेकरं गोळा करून बसवली, दोघींना हाताशी घेतलं, आणि त्यांच्या आया रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आणखी दोघी जणी कापूस वेचायला गेलेल्या बायकांना शेतातून आणायला गेल्या, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून गटातून पैसे काढून ठेवले होते. त्या म्हातारीचा सत्कार कुठल्या महिला दिनाला झाला नाही. तिला बोलावलं तरी ती यायची नाही म्हणा, फेटा बांधून घ्यायची तर नाहीच!

माझं माहेर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती, बुलडाण्यात हा पट्टा पसरला आहे. विहिरीला पाणी आहे पण तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. गोड पाण्याची पाळी केव्हा येईल यावर बाईचा अख्खा दिवस ठरतो. तरी पाण्याचा प्रश्न ग्रामसभेत मांडतात पुरुष, कारण ग्रामसभेला जातात पुरुष. वास्तविक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असा आपल्याकडे कायदाच आहे. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरात होते. सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, चहाच्या कपाबरोबर.

यंदा माहेरच्या गटानं एक युक्ती केली. 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधीची महिला सभा आणि संक्रांतीचं वाण एकत्र ठेवलं. जागा ग्रामपंचायतीचं सभागृह. घरात विचारलं तर काय सांगायचं, तर वाणाला चाललो. कोणती सासू वाणाला नको म्हणेल? गावातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं, नवरा असलेल्या आणि नसलेल्या. आधी पाण्याच्या पाळीचा ठराव लिहिला. कोणत्या आळीत किती दिवसांनी पाणी येतं, त्याचा तक्ता एका मुलीनं फळ्यावर काढला आणि पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं की खालच्या आळीत आपल्यापेक्षा दुप्पट दिवसांनी येतं. तिथे जरा तणतण झाली. वरच्या आळीच्या दोघी उठून जाऊ लागल्या, त्यांना दारातल्या बाईनं "वाण तं घेऊन जा" म्हणून परत बसवलं. ठरावावर त्रेचाळीस सह्या आणि नऊ अंगठे झाले. मग तिळगूळ वाटला. वाण म्हणून गटानं स्टीलच्या छोट्या गाळण्या आणल्या होत्या, पाणी गाळायच्या.